त्याच्या नावावर टाकलेला चेंडू

बोलिंगचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. दिवाळीचा सीझन संपला की गोदामातली नवीन पोरं मागे लागतात, ताई, चला ना परत एकदा सगळे, लई मजा येते म्हणे. मी म्हणते, तुम्ही जा, माझं नाव घालू नका. त्यांना वाटतं बाई खडूस आहे. आहेच मी खडूस, पण न जाण्याचं कारण ते नाही.

मी दापोड्याची. आमचं गोदाम उभं आहे ते आमच्याच भावकीच्या शेतावर. जिथे माझी चुलती चिखलात वाकून भात लावायची, तिथे मी आता ट्रॉली ढकलते, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. डोक्यावर छप्पर आहे, पाय कोरडे आहेत. पिकिंगच्या एका टीमची मी लीडर. ऑर्डर आली की रॅकमधून माल काढायचा आणि एकेका पीसवर गन मारायची, हे आमचं काम. गन म्हणजे हातातलं स्कॅनिंगचं मशीन. सकाळी आपला आयडी टाकला की तिच्या इवल्याशा पडद्यावर आपलं नाव येतं, मग दिवसभराचं काम त्या नावावर चढत जातं. गेटवरचं हजेरीचं मशीन बंद पडलेलं, त्यामुळे हजेरीही ऑफिसवाले गनवरूनच धरायचे. गन चालू म्हणजे माणूस हजर.

आता यात एक भानगड होती. तीन दिवस आयडी वापरला नाही की तो आपोआप बंद व्हायचा. परत उघडायचा तर अर्ज करा, साहेबांच्या सह्या घ्या, आणि कंत्राटी माणूस असेल तर बहुतेक वेळा घरीच बसा. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. कोणी गावी गेला, आजारी पडला, घरात काही झालं, की बाकीच्यांनी त्याचा आयडी जिवंत ठेवायचा. पासवर्ड सगळ्यांचे सगळ्यांना ठाऊक. आपलं काम करता करता दिवसातले दोन तास त्याच्या नावाने गन मारायची. माझी सासू दवाखान्यात होती तेव्हा माझाही आयडी असाच सांभाळला होता पोरांनी. ही लबाडी आहे हे आम्हाला कळत होतं, पण आम्ही तिला माणुसकी म्हणत होतो.

माझ्या टीममध्ये वज्रेश्वरीकडचा एक जण होता. अठ्ठावीसेक वर्षांचा, अंगाने काटकुळा, बोलायला महाकंजूस. पहिल्या एसटीने यायचा. पोरं त्याला चिडवायची, रोज गरम कुंडात अंघोळ करून येतोस म्हणून एवढा चपळ काय रे? तो नुसता हसायचा. काम मात्र असं की मला त्याच्यामागे कधी ओरडावं लागलं नाही, आणि माझ्या तोंडातून सुटलेली माणसं फार थोडी आहेत.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एका शुक्रवारी तो आला नाही. मी म्हटलं, भातकापणी. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडची पोरं त्या दिवसांत अशीच गायब होतात, आधी सांगायची पद्धत नाही, आठ-दहा दिवसांनी हात कापलेले घेऊन परत येतात. मी एकदा फोन लावला. बंद. शेतात रेंज नसेल, म्हणून सोडून दिलं. आणि त्याची गन हातात घेऊन त्याचा आयडी टाकला.

रोज सकाळी पडद्यावर त्याचं नाव यायचं. पहिले दोन दिवस मी एकटीच करत होते, मग सगळ्यांनाच खूळ लागलं. जो तो म्हणायला लागला, आण इकडे, दहा पीस माझ्याकडून त्याला. दिवाळी झाली तरी सीझन सरला नव्हता, रविवारचीही सुट्टी नाही, मालाला अंत नाही. आम्ही त्याच्या नावावर एवढं काम चढवलं की तो जागेवर नसताना गोदामात पहिला आला. आम्ही हसून हसून बेजार. येऊ दे साल्याला, याची पार्टीच घेऊ.

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीने आम्हाला बोलिंगला नेलं. चार वाजता ड्युटी सुटली आणि दोन बसमधून आम्ही एका नव्या मॉलवर गेलो. आत गेल्या गेल्या माझी चिडचिड सुरू झाली. आपल्या चपला काढा आणि त्यांचे बूट घाला. कोणाकोणाच्या पायातले ते बूट, त्यांच्यावर फुसफुस करून काहीतरी मारतात आणि देतात दुसऱ्याला. मी म्हटलं, अनवाणी खेळते. तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, रूल आहे. घातले बाई, करते काय. चेंडू तर असला जड! आणि त्याला नारळासारखी तीन भोकं. त्यात बोटं घालून घरंगळत सोडायचा आणि लांबवर उभ्या केलेल्या दहा बाटल्या पाडायच्या.

वर पडद्यावर आमच्या टीमची नावं इंग्रजीत लागली होती. आमच्या एचआरच्या मॅडम हुशार, त्यांनी सिस्टीममधून हजर माणसांची यादी काढून सकाळीच मॉलला पाठवली होती. पहिलं नाव माझं. दुसरं आमच्या गोरखपूरच्या लोडरचं, हा गडी माझ्याहून वयाने मोठा असून मला दीदी म्हणतो. आणि तिसरं त्याचं.

आधी आम्ही खो-खो हसलो. मी चेंडू टाकला, तो सरळ बाजूच्या नालीत. लोडरने दोन बाटल्या पाडल्या. मग तिसरी ओळ पिवळी झाली आणि मशीन थांबलं. त्याचा नंबर होता आणि तो नव्हता. कोणीतरी टाकल्याशिवाय मशीन पुढे जाईना.

"दीदी, आप ही डालो," लोडर म्हणाला. "इसका सब काम तो आप ही करती हो."

मी उठले, चिडूनच, आणि नीट न बघताच चेंडू सोडला. दहाच्या दहा बाटल्या आडव्या. पोरांनी आरडाओरडा केला. पडद्यावर त्याच्या नावाभोवती रंगीत चांदण्या नाचल्या. माझ्या परत आलेल्या नंबरला मात्र चेंडू पुन्हा नालीत. त्याच्या नंबरला पुन्हा मी, आणि पुन्हा आठ. मी हसत होते, पण खरं सांगते, तिसऱ्यांदा जेव्हा त्याच्या नावाने टाकलेला चेंडू मधोमध गेला, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. हात माझाच होता ना? मग माझ्या नावाने का नाही जात? मी लोडरला म्हटलं, आता तू टाक बाबा त्याचे. तो हसला. "डर गयी क्या?" मी त्याला चांगलं सुनावलं, पण डरले होते.

तेवढ्यात एचआर मॅडम एका बाईला हाताला धरून घेऊन आल्या. साठीची बाई, धुतलेलं लुगडं, केसाला तेल, पायात ते बूट नव्हते, अनवाणीच होती. काखेत कापडात बांधलेला डबा. मॅडमचा चेहरा आनंदाने नुसता फुललेला. पहिल्या आलेल्याला सरप्राइज द्यायचं म्हणून त्यांनी फॉर्मवरच्या घरच्या नंबरला फोन केला होता, तुमचा मुलगा सगळ्यांत पहिला आलाय, बक्षीस द्यायचंय, त्याला सांगू नका, गुपचूप या. आणि ती वज्रेश्वरीवरून एसटीने एकटी आली होती.

मॅडमनी तिला आमच्या मागच्या बाकावर बसवलं, पडद्याकडे बोट दाखवलं, "मावशी, ती तिसरी ओळ तुमच्या मुलाची. बघा, इथेही पहिला!" आणि त्या दुसऱ्या टीमकडे निघून गेल्या.

"कुठं हाय तो?" तिने विचारलं.

कापणीला गेलेल्या पोराची आई विचारते, तो कुठं आहे? पण मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "खाली गेलाय मावशी, येईल इतक्यात." जीभ कशी रेटली देव जाणे. सवयीने बोलले. नऊ दिवस त्याच्या वतीने खोटं बोलायची सवय झाली होती.

ती डबा मांडीवर घेऊन बसली. मग आपणहून बोलायला लागली. मला बाय म्हणत होती.

"माझ्यावर रागावलाय बाय तो. मीच बोलले जास्त. जेवत होता, ताटावरून उठवला त्याला. मला म्हनला, लग्नाचं बघू नको, मी म्हनलं, मग माझ्या घरात जेवू पन नको. सकाळी डबा न घेताच ड्युटीला गेला तो आलाच न्हाय, फोन पन बंद. तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाय लागला. सोमवारी तुमच्या गेटवर आले होते मी. वॉचमनने आत फोन लावला, आन् मला म्हनला, मावशी, तो आत हाय, सकाळपासून काम चालू हाय त्याचं. बोलवू का? मी म्हनलं, नको. लोकांसमोर कशाला. राग गेला की येईल आपसूक. कामावर हाय ना, खातोय-पितोय ना, बस झालं."

मला तिचे शब्द ऐकू येत होते आणि अर्थ एकेक करून लागत होता. तो कापणीला गेलेला नव्हता. तो घरी नव्हता. तो शुक्रवारी आमच्याकडे यायला निघाला होता आणि आमच्याकडे आला नव्हता. आणि सोमवारी सकाळी त्याचं जे काम चालू होतं, ते मी करत होते.

पडद्यावर तिसरी ओळ पिवळी झाली. पोरं ओरडली, ताई, टाका! लोडरने मला चेंडू आणून दिला. तरी मी उठले आणि टाकला. का टाकला? आजही मला ते कळत नाही. मशीन थांबलं होतं म्हणून टाकला. तिने विचारू नये म्हणून टाकला. मी परत येऊन बसले आणि तिच्याकडे बघितलं नाही.

ती मात्र बघत होती. पडद्याकडे, मग माझ्याकडे. तिला इंग्रजी अक्षर ओळखू येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. अजून एक फेरी झाली. तिसरी ओळ पेटली. या वेळी मी जागची हलले नाही, लोडर उठला, आणि त्याने टाकला.

"त्याचा नंबर आला की तुमी टाकता," ती म्हणाली.

तिने लोडरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कामावर पन असंच करता?"

एवढ्या गोंगाटात तिचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी होय म्हणून मान हलवली. मग तिचा हात धरायला गेले तर तिने काढून घेतला.

"कधीपासून?"

"गेल्या शुक्रवारपासून," मी म्हटलं. "मावशी, मला वाटलं तो घरी आहे. कापणीला. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून... आईशप्पथ सांगते, चांगल्यासाठीच केलं आम्ही."

"मंग सोमवारी तो आत नव्हता?"

"नव्हता."

ती उठली आणि दाराकडे चालू लागली. मी तसेच ते बूट घालून तिच्यामागे धावले. लोडरही आला. वळून बघितलं तेव्हा पोरं आमची वाट बघत उभी होती, आणि पडद्यावर तो सगळ्यांच्या वर होता.

पोलीस ठाण्यात हवालदाराने सरळ प्रश्न विचारला, शेवटचा कधी दिसला? आईने सांगितलं, गेल्या शुक्रवारी, सकाळी साडेपाचला, एसटीला जाताना. हवालदाराने आमच्या ऑफिसला फोन केला. तिकडच्या माणसाने कॉम्प्युटर बघून सांगितलं, नाही नाही, आज दुपारी चारपर्यंत तो ड्युटीवर होता, त्याचं काम आहे ना इथे. हवालदाराने फोनवर हात ठेवून आईकडे बघितलं, वेडीबिडी आहे की काय ही, असं. क्षणभर तिच्या तोंडावर जी आशा आली ना, ती बघून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला ठाऊक होतं सगळं, तरी ती आशा आली.

"साहेब, ती मी होते," मी म्हटलं.

"काय?"

"आज चारपर्यंत मी होते. त्याच्या नावाने. काल आमचा दुसरा माणूस होता. सोमवारी मीच."

लोडर पुढे झाला. "हम सब थे साहब. अकेली दीदी नहीं."

सगळं लिहून घेतलं त्यांनी, आमच्या सह्या घेतल्या. माझी नोकरी जाणार हे मी धरूनच चालले होते. पण कंपनीने नुसती समज दिली, कारण खणायला गेलं तर अर्ध्या गोदामाला घरी पाठवावं लागलं असतं. मला ती शिक्षा मिळाली असती तर मी घेतली असती. ती न मिळाल्याने माझं काय भलं झालं?

रविवारी सकाळी ड्युटी बुडवून मी तिच्या गावी गेले. ती तिच्या दिराला घेऊन एसटीच्या थांब्यावर चौकशी करत होती, मीही बरोबर फिरले. थांब्यासमोर एका दुकानाला कॅमेरा होता. दुकानदार भला माणूस, त्याने लगेच मशीन उघडून दाखवलं. मागे मागे नेत शनिवारपर्यंत आला आणि थांबला. शुक्रवार त्यात नव्हता.

"आठ दिवसांचंच राहतं ताई," तो म्हणाला. "त्याच्यामागचं पुसून जातं. काल आला असता तर शुक्रवार मिळाला असता बघा. कोणत्या गाडीत बसला, बसला की नाही, सगळं दिसलं असतं."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. दुकानदाराला वाटलं मी त्याची बहीण. आई रडली नाही. तिने त्या पडद्यावर शनिवार सकाळचा तिचा गाव बघितला, कोंबड्या, सायकलवाला, रिकामी एसटी, आणि म्हणाली, बंद करा.

त्याला आता दीड वर्ष झालं. तो सापडला नाही. त्याचा फोन सापडला नाही, कपडा सापडला नाही, कुठल्या दवाखान्यात नोंद नाही. त्याचा आयडी नंतर तीन दिवसांनी आपोआप बंद झाला. बंद व्हायच्या आदल्या दिवशी माझा हात दोनदा त्याच्या गनकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. आता माझ्या टीममध्ये माणूस आला नाही की मी दहा मिनिटांत त्याच्या घरी फोन लावते. पोरं वैतागतात. एकाने मला तोंडावर सांगितलं, ताई, तुम्ही आमच्या बायकांना घाबरवता. मी म्हटलं, घाबरू देत. आणि तरी कधी कधी रॅकांच्या मधून चालताना पलीकडच्या गल्लीत गनचा टुक टुक आवाज येतो आणि मी वाकून बघते, कोण आहे. कोणीतरी असतंच. ज्याला बघायला मी वाकलेली असते, तो नसतो.

महिन्यातून एकदा मी वज्रेश्वरीला जाते. घरी सांगते, देवीला. देवीच्या पायाही पडते, पण जाते तिच्याकडे. ती चहा देते, शेतातलं काहीबाही पिशवीत घालते, माझ्या पोरांची चौकशी करते. एका शब्दाने कधी बोलली नाही मला. तेच मला सहन होईना. गेल्या महिन्यात मी भांडायच्याच तयारीने गेले. म्हटलं, "मावशी, एकदाच काय त्या शिव्या घाल मला. थोबाडीत मार. तू अशी चहा देतेस ना, तो माझ्या घशाखाली उतरत नाही."

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"तुला कशाला बोलू?" ती म्हणाली. "तू परकी. तुला काय कळनार? आई तर मी. त्या सोमवारी गेटवरून घरी आले मी. भाकरी खाल्ली पोटभर. आन् त्या रातीपासून पाच राती, बाय, मी पाय पसरून झोपले."